वर्गात कोणतं ऑनलाइन साधन वापरू? आधी टाचणातला ‘विद्यार्थी कृती’चा रकाना भरा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बी.एड.चं दुसरं वर्ष, छात्रसेवाकाल (शाळेतला सरावाचा काळ) एका मराठी माध्यमाच्या शाळेत, आठवीचा वर्ग, पटावर ५२ मुलं, विषय विज्ञान. शाळेत एकच प्रोजेक्टर, तोही प्रयोगशाळेत बसवलेला. महाविद्यालयानं वीस ऑनलाइन साधनांची माहिती गोळा करायला सांगितली आहे आणि त्यातली काही पाठात वापरून दाखवायची आहेत. महिनाभर रात्री जागून तुम्ही खाती उघडलीत, पासवर्डांची वही भरली आणि आता कुठलं साधन कुठे वापरायचं हेच सुचेनासं झालंय.

मी चोवीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतोय. गेली दहा-बारा वर्षं छात्राध्यापक माझ्या वर्गात सरावपाठ घेतात आणि मी मागच्या बाकावर बसून निरीक्षण करतो. तिथून पडद्यापेक्षा मुलांच्या पाठी जास्त दिसतात. हे उत्तर तिथून देतोय.

तुमच्या पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, ‘शिक्षक कृती’ आणि ‘विद्यार्थी कृती’ असे दोन रकाने असतात. साधन निवडण्याआधी दुसरा रकाना भरा. तिथे ‘विद्यार्थी व्हिडिओ पाहतील’, ‘लक्षपूर्वक ऐकतील’, ‘निरीक्षण करतील’ एवढंच लिहिता येत असेल, तर ते साधन कितीही देखणं असलं तरी त्या पाठातून काढा. ‘अंदाज वहीत लिहितील’, ‘शेजाऱ्याला कारण पटवून देतील’, ‘मोजून तक्त्यात भरतील’ असं काही लिहिता आलं, तर पुढे जा. मी आजही नवं काही हाती आलं की हीच परीक्षा घेतो, कारण मी स्वतः तिथे चुकलो आहे.

आमच्याकडे प्रोजेक्टर नवा आला तेव्हा मी श्वसनसंस्थेचं सुंदर ॲनिमेशन दाखवलं. वर्ग इतका शांत की टाचणी पडली तर ऐकू यावी. मला वाटलं, पाठ उत्तम झाला. दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘श्वास घेताना छातीचा पिंजरा मोठा होतो म्हणून हवा आत येते, की हवा आत येते म्हणून पिंजरा मोठा होतो?’ एकालाही सांगता आलं नाही. फुप्फुसं गुलाबी होती हे मात्र सगळ्यांना आठवत होतं. मुलांचं काहीच चुकलं नव्हतं. पूर्ण तासात मी त्यांना विचार करायची एकही जागा दिली नव्हती.

आता तुमच्याच आठवीच्या विज्ञानातला धाराविद्युत हा घटक घेऊ. दोन साधनं मी नेमकी कुठे वापरतो ते यात नीट दाखवता येईल.

या घटकात मुलं एका ठरावीक ठिकाणी अडकतात. त्यांना वाटतं, विद्युतघटातून धारा निघते, बल्बमध्ये थोडी खर्च होते आणि उरलेली परत येते. पाठ्यपुस्तकातली व्याख्या तोंडपाठ असलेल्या मुलालाही मनातून असंच वाटत असतं. त्यामुळे तासाच्या सुरुवातीला मी फळ्यावर एक घट आणि एक बल्ब असलेला परिपथ काढतो, बल्बच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन जागांवर खुणा करतो आणि विचारतो, ‘धारा कुठे जास्त?’ पर्याय चार: आधी जास्त, नंतर जास्त, दोन्हीकडे सारखी, बल्बनंतर धाराच नाही.

इथे पहिलं साधन येतं, प्लिकर्स. याला मुलांकडे मोबाइल लागत नाही, फक्त तुमचा एक लागतो. प्रत्येक मुलाला काळ्या-पांढऱ्या चौकोनी नक्षीचं छापील कार्ड द्यायचं. कार्डाला चार बाजू आणि चार पर्याय. मुलानं आपलं उत्तर असलेली बाजू वर करून कार्ड धरायचं, तुम्ही मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा आणि कोणी काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर उमटतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं उत्तर बघून नक्कल करता येत नाही. हात वर करायला सांगितलं की मुलं आधी हुशार मुलाकडे बघतात आणि मग हात उचलतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. इथे ते बंद होतं.

कार्डांचे संच मोफत छापता येतात. ४० कार्डांचा एक आणि ६३ कार्डांचा एक मिळतो. तुम्हाला ६३चा लागेल. थोड्या जाड कागदावर छापा, पण चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. बोटं नक्षीवर येणार नाहीत असं धरायला पहिल्याच दिवशी शिकवा, नाहीतर दहा मिनिटं ‘तुझं कार्ड नीट धर’ यातच जातात. बाजूंवर इंग्रजी अक्षरं असतात, त्यांच्याशेजारी मी बारीक पेनानं अ, ब, क, ड लिहून ठेवतो. मोबाइलला इंटरनेट लागतं, स्वतःचा डेटा पुरतो. मोफत आवृत्तीत एका संचात मोजकेच प्रश्न बसतात, पण एका तासाला दोन प्रश्नांपेक्षा जास्त लागतही नाहीत.

आता खरी गोष्ट. उत्तरं आली की स्क्रीनवर आकडे दिसतात आणि आपली जीभ लगेच वळवळते: ‘बरोबर उत्तर आहे...’ तिथेच थांबा. समजा, निम्म्या वर्गानं ‘आधी जास्त’ म्हटलं आणि पंधरा-वीस जणांनी ‘दोन्हीकडे सारखी’. उत्तर सांगू नका, आकडेही दाखवू नका. म्हणा, ‘वर्गात दोन मतं आहेत. ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा शेजारी शोधा आणि दोन मिनिटांत त्याला पटवा.’ मग तोच प्रश्न पुन्हा, कार्डं पुन्हा वर. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९९०च्या दशकात मोठ्या वर्गांसाठी ही पद्धत रुजवली. आठवीच्या ५२ मुलांसाठीही ती तितकीच लागू पडते. त्या दोन मिनिटांत वर्गात गोंगाट होतो. बाहेरून जाणारे मुख्याध्यापक आत डोकावतील. डोकावू द्या, आणि आधी त्यांना कल्पना देऊन ठेवा.

दुसरं साधन यानंतर. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट ही सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारे आभासी प्रयोग. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला, आणि आजही ती मोफत आहेत. त्यांतल्या अनेकांचे मराठी अनुवाद आहेत. परिपथ जोडणीच्या सिम्युलेशनमध्ये घट, तारा, बल्ब, अमीटर (धारा मोजणारं उपकरण) ओढून आणून परिपथ तयार करता येतो. पडद्यावर परिपथ जोडा, पण अमीटर लावण्याआधी प्रत्येकाला वहीत लिहायला लावा: ‘बल्बच्या आधी एवढं वाचन, नंतर एवढं.’ लिहिल्याशिवाय अमीटर जोडायचा नाही. लिहिलेला अंदाज चुकला की मूल खुर्चीत पुढे सरकतं. न लिहिलेला चुकला तर ‘मला माहीतच होतं’ म्हणतं.

एक बारकावा आधीच पाहून ठेवा. या सिम्युलेशनमध्ये परिपथ पूर्ण जोडला की तारांमधून इलेक्ट्रॉन फिरताना दिसतात. पाठ्यपुस्तकात विद्युतधारेची सांकेतिक दिशा धन टोकाकडून ऋण टोकाकडे असते, इलेक्ट्रॉन उलट दिशेनं जातात. मुलं लगेच विचारतात, ‘सर, हे उलटं का?’ प्रश्न चांगला आहे, पण त्या तासाचा तो मुद्दा नाही. सांकेतिक धारा दाखवण्याची सोय तिथेच आहे, ती निवडून ठेवा आणि इलेक्ट्रॉनची दिशा दुसऱ्या तासाला घ्या. मराठी अनुवादातले शब्दही तपासा. तिथे एक शब्द आणि पुस्तकात दुसरा असेल, तर फळ्याच्या कोपऱ्यात दोन्ही लिहून ठेवा.

आणि यानंतर प्रत्यक्ष घट, टॉर्चचा बल्ब, तारेचे तुकडे, प्रयोगशाळेतला अमीटर. एकच अमीटर आधी बल्बच्या एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला लावा. दोन वेगळे अमीटर लावले तर शाळेतल्या जुन्या उपकरणांची वाचनं थोडी वेगळी येतात आणि मुलांचा मूळ गैरसमजच पक्का होतो. सिम्युलेशनमध्ये घटाची दोन टोकं तारेनं थेट जोडली तर ज्वाळा दिसतात. मुलांना ते फार आवडतं, म्हणून सांगा की खऱ्या घटावर हे करायचं नाही. मी सिम्युलेशन प्रयोगाच्या जागी कधीच ठेवत नाही. ज्या मुलीनं स्वतःच्या बोटांनी तार धरून बल्ब लावलेला नाही, तिला पडद्यावरचा बल्ब हे फक्त चित्र असतं.

सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे ही सिम्युलेशनं एचटीएमएल फाइल म्हणून उतरवून घेता येतात. पेन ड्राइव्हवर घ्या, शाळेच्या संगणकावर डेस्कटॉपवर ठेवा, इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडतात. माझ्या शाळेत पावसाळ्यात नेट आठ-आठ दिवस नसतं. त्यामुळे नेट गेल्यावर जे चालतं तेच मी टाचणात मुख्य साधन म्हणून लिहितो.

बाकीच्या साधनांबद्दल थोडं भरभर सांगतो.

दीक्षा तुम्ही पाहिलंच असेल. २०१७च्या शिक्षकदिनी सुरू झालेला हा सरकारी ऑनलाइन शिक्षण मंच. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड त्यावर नेतात. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी रुजवली, आणि २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. एका छोट्या शाळेतल्या शिक्षकाची गरज पुढे राज्याच्या पुस्तकांपर्यंत पोहोचली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. दीक्षावरचं साहित्य सगळं एका दर्जाचं नाही. आदल्या रात्री पूर्ण पाहा, त्यातली नेमकी दोन-तीन मिनिटं निवडा, ॲपवर उतरवून ठेवा आणि मधे थांबवून प्रश्न विचारायची जागा टाचणात लिहा.

काहूट या प्रश्नमंजूषेच्या साधनात स्पर्धा आहे, संगीत आहे, गुण धावताना दिसतात. मुलं खूष होतात. पण लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळत असल्यानं सावकाश, नीट विचार करणारी मुलं दोन फेऱ्यांत मागे पडतात आणि तिसऱ्या फेरीला प्रश्न वाचतच नाहीत. उजळणीला सत्र संपताना एकदा ठीक. नवा घटक शिकवताना मी ते वापरत नाही.

गणिताचा पाठ आला तर जिओजेब्रा, आकृत्या काढून हलवून बघायचं साधन. ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली विद्यार्थी असताना ते सुरू केलं. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढा, तिन्ही कोन बदलतात, बेरीज १८० अंशच राहते. मात्र आधी प्रत्येक मुलानं कागदाचा त्रिकोण कापून त्याचे कोपरे जुळवलेले असू द्या. आणि वर्गाला विचारा, ‘शंभर त्रिकोणांत खरं ठरलं म्हणजे सगळ्यांत खरं ठरलं का?’ सिद्धतेची गरज मुलांना तिथून कळायला लागते.

भूगोलाच्या सहकाऱ्याबरोबर एखादा पाठ घ्यायचा असेल तर गूगल अर्थवर शाळेच्या छपरापासून निघा आणि लोणारला पोहोचा. अंतर मोजायची सोय वापरून विवराचा व्यास मुलांकडून मोजून घ्या, सुमारे १.८ किलोमीटर येतो. मग विचारा, शाळेपासून तेवढं अंतर म्हणजे कुठपर्यंत? मुलं गावातल्या खुणा सांगू लागतात आणि तो आकडा त्यांचा होतो. भाषेसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे: मराठी गोष्टी, वाचनपातळीनुसार लावलेल्या, खुल्या परवान्याच्या, छापूनही वाटता येतात. आणि विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ तर चुकवूच नका. काडेपेटी, सायकलची ट्यूब, स्ट्रॉ यांतून काय काय करता येतं ते पाहिल्यावर प्रोजेक्टर बंद पडला तरी तुमचा तास अडणार नाही.

गूगल फॉर्म्सबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण मराठीत ते एका ठिकाणी हमखास फसतं. आपोआप गुण देणारी चाचणी तुम्ही कराल आणि ‘एका शब्दात उत्तर’ असा प्रश्न ठेवाल. उत्तर बारा असेल आणि तुम्ही ते देवनागरी अंकांत भरलं असेल, तर मुलानं इंग्रजी अंकांत लिहिलेलं बरोबर उत्तर चूक धरलं जातं. ऱ्हस्व-दीर्घाचा, अनुस्वाराचा, शब्दानंतर चुकून पडलेल्या पूर्णविरामाचा फरकही तसाच. माझ्या वर्गातल्या एका मुलीला अशा चाचणीत दहापैकी चार मिळाले, तपासलं तेव्हा तिची नऊ उत्तरं बरोबर होती. ती दोन दिवस गप्प होती. त्यानंतर आपोआप तपासणी मी फक्त बहुपर्यायी प्रश्नांना ठेवतो, लेखी उत्तरं स्वतः वाचतो.

जुने प्रश्नसंच वापरणार असाल तर ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर नीट दिसणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतात, आहेत का बघा. शाळांमधल्या जुन्या फाइली बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतात आणि फॉर्ममध्ये चिकटवल्या की निरर्थक अक्षरं उमटतात. तेव्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा मोबाइलवर बोलून मराठी लिहिणं सोपं पडतं, मग शुद्धलेखन एकदा हातानं नीट करायचं.

चॅटजीपीटी किंवा जेमिनाय वापरू का, असंही विचारलंत. मुलांसमोर नको, तुमच्या तयारीत वापरा. बहुपर्यायी प्रश्नांतले चुकीचे पण पटण्यासारखे पर्याय सुचवायला ते बरे आहेत. पण मराठी शास्त्रीय संज्ञा अनेकदा हिंदी वळणाच्या येतात आणि चुकीची माहितीही तितक्याच ठामपणे येते. प्रत्येक ओळ पाठ्यपुस्तकाशी ताडून घ्या. मुलांचे गैरसमज मात्र त्यांच्या वह्यांतूनच शोधा.

आता एका बाबतीत मी कडक आहे. मुलांच्या नावानं कुठेही खाती उघडू नका. आठवीची मुलं तेरा-चौदा वर्षांची. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती मागितली आहे. प्लिकर्समध्ये नावांऐवजी हजेरी क्रमांक भरा. पाठाचा फोटो अहवालासाठी हवा असेल तर मुलांच्या मागून घ्या, आणि तो स्टेटसवर टाकू नका. मोबाइल लागणारा गृहपाठही सक्तीचा करू नका. कित्येक घरांत एकच फोन असतो, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री परत येतो, तोवर धाकट्या भावंडाचाही नंबर लागलेला असतो.

साधनांवर फार जीव लावू नका, हेही अनुभवानं सांगतो. एडमोडो हे ऑनलाइन वर्ग चालवायचं साधन २०२२ साली बंद झालं. मुलांच्या तोंडी उत्तरांसाठी अनेकांना आवडलेलं फ्लिप मायक्रोसॉफ्टनं २०२४ साली थांबवलं. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा ३१ डिसेंबर २०२४ला संपला. त्यांवर तयार केलेलं साहित्य ज्यांनी दुसरीकडे ठेवलं नव्हतं, त्यांची मेहनत गेली. तुमचे प्रश्न, मुलांची उत्तरं, कुठल्या पर्यायाला किती मुलं गेली, हे सगळं एका साध्या वहीत ठेवा. माझी अशी वही पंधरा वर्षांची आहे आणि तिच्यातले प्रश्न चार वेगवेगळ्या साधनांवर फिरून आलेत.

पाठाच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत जा, आणि ज्या तासाला पाठ आहे त्याच वेळी जा. सकाळी स्वच्छ दिसणारा पडदा दुपारच्या उन्हात कोरा दिसतो. लॅपटॉपची आणि प्रोजेक्टरची केबल जुळते का, आवाज मागच्या बाकापर्यंत जातो का, घंटा वाजण्याआधी यंत्र सुरू करून ठेवायला परवानगी आहे का, हे सगळं बघा. तास ३५ मिनिटांचा. ५२ मुलं वर्गातून प्रयोगशाळेत येऊन बसेपर्यंत सहा-सात मिनिटं जातात, ती टाचणात लिहा. आणि वीज गेली तर काय, याचं उत्तर त्याच टाचणात एका ओळीत असू द्या: चार पर्यायांची हातानं लिहिलेली कार्डं, घट, बल्ब, तारा.

राहिला वीस साधनांचा अहवाल. तो नाकारू नका, महाविद्यालयाचं काम आहे. अठरा साधनांना प्रत्येकी चार-पाच ओळी पुरतात: काय करतं, नेट लागतं का, मुलांना खातं लागतं का, मराठी नीट दिसतं का. उरलेल्या दोनांवर जीव ओता. कोणत्या घटकात वापरलं, चर्चेआधी किती मुलांचं उत्तर बरोबर होतं, चर्चेनंतर किती, कोणती तीन मुलं अखेरपर्यंत आपल्या चुकीच्या उत्तरावर ठाम राहिली आणि त्यांनी काय कारण दिलं. ती कारणं त्यांच्याच शब्दांत लिहा. पाठांचं निरीक्षण करणारा माझ्यासारखा माणूस अहवालातली तीच पानं दोनदा वाचतो.

या आठवड्यात एवढं करा. मार्गदर्शक शिक्षकांकडे पुढच्या आठवड्यातला एक तास मागून घ्या, कार्डं छापा आणि बल्बचा तोच प्रश्न विचारा. दोन्ही वेळचे आकडे कळवा, पहिल्या खेपेला चार पर्यायांना किती मुलं गेली आणि दुसऱ्या खेपेला किती. दुसऱ्या तासाचा प्रश्न त्यावरून ठरवू.